मोडले ते टाकाऊ नव्हे
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकासाठी लेख हवेत अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "तू पावसावर लिही, नाहीतर आईवर लिही." पाऊस आणि आई हे दोन्ही विषय थोर आहेत, आणि या लेखात ती दोघेही येणार आहेत. पण मला लिहायचे आहे ते एका जुन्या, बंद पडलेल्या यंत्रावर. विषय ऐकून त्या हसल्या. कला शाखेच्या मुलीने सोल्डरिंगवर काय लिहायचे, असा त्या हसण्याचा अर्थ होता. त्या हसण्यालाच हे उत्तर आहे असे वाचकांनी समजावे.

आमचे घर बोईसरचे. बाबा औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला असतात. काम असले तर असते, नसले तर नसते. लग्नसराईत आणि गणपतीत मात्र ते एका बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतात. पालघर, डहाणू, सफाळे या बाजूला ज्याने हळदीची रात्र पाहिली आहे, त्याला बेंजो पार्टी समजावून सांगायला नको. पुढे बेंजोवाला, त्याच्या बाजूला कीबोर्ड, मागे ढोल-ताशा, आणि मधोमध तिकाटण्यावर आठ चौकोनी रबरी पट्ट्यांचे ते काळे यंत्र. दोन काठ्यांनी एक माणूस त्यावर ढोलकी वाजवतो, संबळ वाजवतो, टाळ्या वाजवतो आणि झांजही वाजवतो. आम्ही भावंडे शाळेत गेलो त्या फीमध्ये या आठ पट्ट्यांचा वाटा मोठा आहे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. ती पायरीही बरीचशी त्याच रबराची आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

हे यंत्र आले कोठून? जपानमध्ये इकुतारो काकेहाशी नावाच्या गृहस्थाने १९७२ साली रोलँड ही कंपनी काढली. याच कंपनीने १९८५ साली 'ऑक्टापॅड' बाजारात आणले. गंमत अशी, की त्या पहिल्या यंत्राला स्वतःचा आवाजच नव्हता. काठी आपटली की ते फक्त एक विद्युत संदेश पाठवी, आणि तारेने जोडलेले दुसरे यंत्र आवाज काढी. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून १९८३ साली 'मिडी' ही सामाईक भाषा ठरली होती, तिचा हा उपयोग. त्या भाषेबद्दल काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ या दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुढे आवाज यंत्रातच भरलेले पॅड निघाले. १९९८ सालच्या 'एसपीडी-२०' मध्ये सातशे आवाज होते, आणि हे यंत्र आपल्याकडच्या वाद्यवृंदांत, भजनी मंडळांत, बेंजो पार्ट्यांत असे रुळले की कोणत्याही कंपनीच्या पॅडला लोक सरसकट ऑक्टोपॅडच म्हणू लागले. 'ऑक्टा'चे 'ऑक्टो' आपण केले. वस्तू आपली झाली की नावही आपले होते.

आमचे यंत्र मात्र मुंबईच्या एका वाद्यवृंदाकडून तिसऱ्या हाताने आलेले. पाठीवरचे लेबल घासून गेलेले, त्यामुळे त्याचा जन्म कोणत्या साली झाला ते त्यालाच ठाऊक. गेल्या वैशाखात हळदीची सुपारी चार दिवसांवर आली असताना त्याचा तिसरा पॅड मुका झाला. सातव्यावर काठी मारली की सहावाही वाजू लागला. बाबांची ढोलकी तिसऱ्या पॅडवर. ढोलकीवाचून हळद म्हणजे मिठावाचून कालवण. आगाऊ रक्कम घेतलेली होती आणि ती घरात खर्चही झालेली होती, कारण त्याआधी दोन महिने ठेकेदाराकडे काम नव्हते. दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने यंत्र उघडलेही नाही. म्हणाला, "बोर्ड गेला. भंगारात घाला, नवीन घ्या." नव्याची किंमत ऐकून बाबा काही बोलले नाहीत. येताना रिक्षात त्यांनी यंत्र मांडीवर घेतले होते, आजारी पोर घ्यावे तसे.

त्या रात्री मी ते उघडले. धाडस म्हणून नव्हे. भंगारातच जायचे असेल तर निदान आत काय आहे ते पाहू, एवढ्याच विचाराने.

वाचकहो, आत काय असते ते मी आता सांगते, कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. रबराखाली एक पत्रा असतो, पत्र्याखाली फोम असतो, आणि पत्र्याला चिकटवलेली पितळेची एक पातळ चकती असते, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. चकतीवर पांढऱ्या चिनी मातीसारख्या पदार्थाचा थर असतो. या थरावर दाब पडला की त्यातून किंचित वीज निर्माण होते. स्फटिकांचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिला होता. जोरात मारले तर जास्त वीज, हळू मारले तर कमी. ती वीज दोन बारीक तारांनी बोर्डाकडे जाते, बोर्ड तिचे माप घेतो आणि त्या मापाने आवाज लहानमोठा करतो. मिडीच्या भाषेत या मापाच्या शून्य ते एकशे सत्तावीस अशा पायऱ्या असतात. काही यंत्रांत चकतीऐवजी दाब ओळखणारी पातळ पट्टी असते, पण आमच्यात चकती होती. म्हणजे जादू काही नाही. हात, कंप, वीज, आवाज, अशी साधी साखळी आहे. साखळीतली कोणती कडी तुटली एवढेच शोधायचे.

शोधण्याचीही रीत आहे, आणि ती बाहेरून आत जाते. आधी अडॅप्टर पाहावा. पुष्कळ जुनी यंत्रे 'मेली' म्हणून फेकली जातात तेव्हा मेलेला असतो तो अडॅप्टर, किंवा चुकीचा लावलेला असतो. रोलँडच्या पॅडांना मधले टोक ऋण असलेला अडॅप्टर लागतो, बाजारात मात्र मधले टोक धन असलेले सर्रास मिळतात. खाच जुळली म्हणून वीज जुळत नाही. मग हेडफोन थेट यंत्राला लावून ऐकावे, म्हणजे दोष यंत्रात आहे की तारेत की अँप्लिफायरमध्ये ते कळते. मग यंत्र उघडावे, आणि उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. त्यानंतर खरी युक्ती. मी तिसऱ्या पॅडची तार पाचव्याच्या जागी लावली आणि पाचव्याची तिसऱ्याच्या जागी. पाचव्या पॅडवर काठी मारताच ढोलकी बोलली! याचा अर्थ बोर्डाचे तिसरे घर शाबूत होते. तिसरा पॅड मात्र नव्या जागीही मुकाच राहिला. म्हणजे दोष पॅडमध्येच होता. 'बोर्ड गेला' हे निदान दोन तारांच्या अदलाबदलीत खोटे ठरले.

चकतीपाशी पाहिले तर एक तार सुटून लोंबत होती. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी तिचा टाका निघाला होता. आणि सहाव्या-सातव्याखालचा फोम कुजून गुळासारखा चिकट झाला होता, त्यामुळे एकाचा कंप दुसऱ्यात जात होता. आमच्याकडे पावसाचे चार महिने यंत्र माळ्यावर असते. समुद्र जवळ, हवेत खार, त्यात औद्योगिक वसाहतीचा धूर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा क्रमांक पहिला होता, ९३.६९ गुणांनी. परीक्षेत हे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते. या हवेत माणसांचे काय होते ते डॉक्टर सांगतील. तांब्याच्या तारेचे काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले. ती हिरवी पडली होती.

शेजाऱ्यांकडून सोल्डरिंग आयर्न आणून मी तार चिकटवायला गेले आणि चकतीच जाळली. पांढऱ्या थरावरचा चंदेरी मुलामा टाक्याबरोबर उचलून आला. मी रडकुंडीला आले. तेव्हा आई, जी इतका वेळ भाकऱ्या थापत होती, हात धुऊन आली आणि म्हणाली, "अगं, इतका वेळ कोणी धरून ठेवतं का? टेकव, पाघळव, उचल. दोन सेकंद."

माझ्या आईने आठ वर्षे बोईसरमधल्या एका कारखान्यात हेच काम केले होते. दिवसाला शेकडो टाके. मला ते माहीत होते, पण त्याचा अर्थ त्या रात्री कळला. जास्त उष्णता दिली तर त्या पांढऱ्या थराचा वीज देण्याचा गुणच नष्ट होतो, हे मी नंतर वाचले. आईने ते कोठेही वाचले नव्हते. तिच्या बोटांना ते येत होते. दुसऱ्या दिवशी मी गाडीने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून नवी चकती आणली. रस्त्याचे आताचे नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण दुकानांत जुनेच चालते. चकतीची किंमत एका वडापावाएवढी. तार आईने जोडली. कुजलेला फोम मी खरवडून काढून नवा घातला, आणि पॅडची संवेदनक्षमता बटणांनी थोडी उतरवली. हळदीच्या आदल्या संध्याकाळी आठही पॅड बोलत होते. तिसरा थोडा हळू बोलतो अजून. बाबांनी ढोलकी दुसऱ्यावर नेली आणि तिसऱ्यावर टाळ्या ठेवल्या. आगाऊ रक्कम परत करावी लागली नाही.

सगळेच दुरुस्त होते असा माझा दावा नाही. बोर्डावरची खास बनवलेली चिप गेली तर ती मिळत नाही, आणि तेव्हा दुकानदाराचे म्हणणे खरे ठरते. माझा आक्षेप त्याने न उघडता निकाल दिला याला आहे. जुन्या यंत्रांतले सोसाचे दोष बहुधा छोटे असतात. सुटलेला टाका, मळलेला जोड, कुजलेला फोम, सुकलेला कपॅसिटर, आणि ठरवून ठेवलेले आवाज वीज गेल्यावरही जपणारा नाण्याएवढा सेल. हा सेल संपला की यंत्र रोज सकाळी सगळे विसरते आणि लोक म्हणतात, याचे डोके गेले. डोके जागेवर असते, सेल बदलायचा असतो.

आता माझ्या मताकडे येते. माझे मत असे, की वाद्य वाजवणाऱ्याच्या घरात त्या वाद्याची दुरुस्तीही असली पाहिजे, आणि आपल्या शिक्षणाने या दुरुस्तीला विद्या मानले पाहिजे.

हा विचार नवा नाही, आपल्या जिल्ह्यातला जुनाच आहे. तारपा पाहा. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण. तारपा वाजवणाऱ्याच्या वाद्याला भेग पडली तर तो कोणत्या दुकानात जात नाही, मेण लावून तो ती स्वतः बुजवतो. ढोलकीवाला दोरी स्वतः ताणतो. विजेची वाद्ये आली आणि वाजवणारा व दुरुस्त करणारा यांची ताटातूट झाली. आपले एक ज्येष्ठ शिक्षक नेहमी म्हणतात, की ऑक्टोपॅडने आमची लोकवाद्ये मारली. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. एका यंत्रामुळे चार वादकांची बिदागी गेली हे मी नाकारत नाही. पण मला वाटते, त्याहून मोठी हानी दुसरीच झाली. वाद्य आपले राहिले, पण त्याचे पोट परक्याच्या ताब्यात गेले. ते परत मिळवता येते, आणि त्यासाठी यंत्र फेकावे लागत नाही, उघडावे लागते.

कोणी म्हणेल, आवाजाचे काय? हळदीच्या गोंगाटाने आजारी माणसे झोपत नाहीत. मान्य. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद हवा, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हेच ठणकावून सांगितले. हे पाळलेच पाहिजे आणि आमच्याच लोकांनी पाळले पाहिजे. परंतु पॅड स्वतः मोठ्याने बोलत नाही, त्याला ओरडायला लावतो तो अँप्लिफायर आणि त्याची कळ फिरवणारा हात. हेडफोन लावला तर ऑक्टोपॅडइतके सोशिक वाद्य नाही. आमच्या पत्र्याच्या खोलीत बाबा रात्री अकराला सराव करतात आणि शेजारच्या आजीला फक्त काठ्यांची टकटक ऐकू येते.

कोणी म्हणेल, नवीन घेतले तर आवाज जास्त मिळतात. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावे. पण बाबांना सातशे आवाज लागत नाहीत, पंधरा लागतात. आणि ते पंधरा कोणत्या पट्टीवर आहेत हे त्यांच्या मनगटाला पाठ आहे. वीस वर्षे वाजवलेले वाद्य नुसती वस्तू राहत नाही, ती सवय होते. सवय दुकानात मिळत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो. "हा सगळा जुगाड आहे." मित्रांनो, आमच्या घरापासून थोड्या अंतरावर तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. तेथील पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या, देशातल्या पहिल्या अणुवीज भट्ट्या त्या. २०२० साली त्या बंद ठेवून त्यांच्या जुन्या नळ्या बदलण्याचे आणि त्यांचे आयुष्य वाढवण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. त्याला कोणी जुगाड म्हटले नाही. म्हणूही नये, ते अभियंत्यांचे जोखमीचे काम आहे. दोन्ही कामांची बरोबरी मी करीत नाही, पण दोन्हींमागचा विचार एकच आहे: जुने झाले म्हणून टाकायचे नाही, कोणता भाग झिजला ते पाहून तेवढाच बदलायचा. भट्टीची दुरुस्ती केली तर नूतनीकरण आणि वाद्याची केली तर जुगाड, हा शब्दांतला भेद कामावरून पडत नाही. काम कोण करते त्यावरून पडतो.

सरकारलाही दुरुस्तीचे महत्त्व आता पटू लागले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने विचारात घेतली. सुटे भाग मिळावेत, माहितीपुस्तिका मिळावी, हा त्यामागचा हेतू. उत्तम आहे. पण त्या चारांत वाद्ये नाहीत. गावोगावचे बेंजोवाले, भजनी मंडळे, ब्रासबँड यांचे पोट ज्यावर चालते ते साधन कोणाच्या यादीत यावे? आपण लिहिले नाही तर ते कोणीच लिहिणार नाही.

आपल्या महाविद्यालयापुरती माझी एक लहानशी सूचना आहे. एक खोली, एक टेबल, दोन सोल्डरिंग आयर्न, एक मल्टीमीटर. महिन्यातून एक शनिवार. आय.टी.आय.ची मुले येऊ देत, कला शाखेचीही येऊ देत, आणि शिकवायला गावातली माणसे बोलवावीत. स्नेहसंमेलनाचा बंद पडलेला माइकही तेथेच दुरुस्त होईल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तर अवश्य यावे. ज्याचे लेबल घासून गेले आहे अशी वस्तू उघडून ती कोठून आली, कोणी वापरली, कोठे डागडुजी झाली हे वाचायचे, यापेक्षा इतिहासाचा वेगळा अभ्यास तो कोणता?

शेवटी आईबद्दल. हे सगळे झाल्यावर मी तिच्या ट्रंकेतून कारखान्याची जुनी पगारपत्रके काढली. आठ वर्षांची. प्रत्येकावर तिच्या नावापुढे एकच शब्द छापलेला होता: अकुशल. ज्या हातांनी दोन सेकंदांत ते केले, जे मला दोन तासांत जमले नाही, त्या हातांपुढे हा शब्द. त्या शब्दावरून रोजाचा दर ठरला, त्या दरावरून आमच्या घरातले जेवण ठरले. मी तिला तो वाचून दाखवला. तिला त्याचे काहीच वाटले नाही. म्हणाली, "तसंच लिहितात गं." आणि पुन्हा कामाला लागली.

मला मात्र वाटले. मी बी.ए. होईन, माझ्या नावापुढे दोन अक्षरे लागतील, आणि ती लागली की लोक मला शिकलेली म्हणतील. त्या दिवशी मला विचारायचे आहे, की तो पॅड नक्की कोणी दुरुस्त केला होता?